दोन दोऱ्या, दोनशे चिंचोके: बचत गटांच्या बायकांसाठी नेतृत्वाचं एक दिवसाचं शिबिर कसं घ्यावं

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत पंधरा-पंधरा मीटरच्या दोन सुती दोऱ्या कायम असतात. जुन्नरहून ओतूरला जाताना एकदा एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "ताई, शेळ्या मागं राहिल्या का?" शेळ्या नव्हत्याच. मी नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायला निघाले होते आणि त्या दिवसाचा निम्मा अभ्यासक्रम त्या दोऱ्यांत होता. उरलेला निम्मा एका डब्यात, दोनशे चिंचोक्यांच्या रूपात.

गेली चौदा वर्षं मी गटांच्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष बायकांची शिबिरं घेते. त्याआधी मी स्वतः एका गटाची सचिव होते, म्हणजे वही माझ्याकडे आणि शिव्याही माझ्याकडेच. आता नव्यानं या कामात आलेल्या मुली म्हणतात, "ताई, तुमचा दिवसाचा आराखडा द्या ना." आराखडा अर्ध्या पानाचा आहे आणि नुसता तो हातात देऊन काही होत नाही, हे दोन-तीनदा बघून झालं. म्हणून सगळंच लिहून काढते.

आधी एक कबुली. माझं पहिलं शिबिर पूर्ण फसलं होतं. एका संस्थेनं मला प्रोजेक्टर आणि बासष्ट स्लाइड दिल्या होत्या. नेतृत्वाचे प्रकार, नेतृत्वाचे गुण, संवादाचे अडथळे. त्यात 'जोहरी खिडकी'सुद्धा होती, म्हणजे आपल्याबद्दल आपल्याला काय माहीत आणि दुसऱ्यांना काय दिसतं ते मांडायची चार चौकटींची आकृती. ती मी सराफाच्या दुकानाची खिडकी असल्यासारखी समजावून सांगितली. जो आणि हॅरी अशा दोघांच्या नावांवरून तिला ते नाव पडलं, हे मला पुढे कळलं. सव्वाअकराला वीज गेली, तरी मी स्लाइड आठवून आठवून बोलत राहिले. चार तास! शेवटी 'काही प्रश्न?' म्हटल्यावर एक आजी उठल्या. "बाई, लई ग्वाड बोललीस. आता घरी जाऊन मी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी एकच हिशेब ठेवते: संध्याकाळपर्यंत माझ्याशिवाय किती जणी बोलल्या, आणि त्यांतल्या किती जणी सकाळी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

हे शिबिर नेमकं कशाचं?

नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ साली ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, तर १९७५ पासून आहे, 'उमेद' हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासून. इतक्या वर्षांत बायकांना पंचसूत्री तोंडपाठ झाली आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पुढे तिची दशसूत्री झाली, तीही पाठ आहे. ते परत शिकवायला जाऊ नका, त्या तुमच्याच चुका काढतील.

अडतं ते दुसरीकडेच. गट दहा जणींचा आणि निर्णय दोघींचा. अध्यक्ष बोलते, सचिव लिहिते, बाकीच्या सह्या करतात. मग हप्ता थकला की त्याच आठ जणी म्हणतात, "आम्हाला कुठं विचारलं होतं?" या दिवसाचा विषय एवढाच. 'नेतृत्व म्हणजे काय?' असा प्रश्न टाकून सुरुवात केलीत तर 'धाडस, आत्मविश्वास, वेळेचं नियोजन' अशी परीक्षेतली उत्तरं येतील आणि फळ्यावर छान दिसतील.

आठवडाभर आधी

चोवीस ते तीस बायका, जास्त नकोत. प्रत्येक गटातून दोघी बोलवा आणि त्यातली एक कधीच पदावर नसलेली हवी, यावर अडून बसा. निरोप नीट दिला नाही तर अध्यक्ष आणि सचिवच येतात, कारण 'प्रशिक्षण' म्हटलं की ते पदाचं काम. दोघी पदाधिकारीच आल्या तर पुढे सांगितलेला एकही खेळ चालणार नाही. कुणाचं ऐकलं जात नाही हे बघायला, जिचं ऐकलं जात नाही ती तिथे असायला नको का?

तारीख ठरवताना कॅलेंडर बघू नका, शेत बघा. आमच्याकडे पूर्वेला द्राक्षं, टोमॅटो आणि कांदा, पश्चिमेला आदिवासी पट्ट्यात भात आणि हिरडा. भातलावणीत किंवा उन्हाळ्यात बाळहिरडा वेचायच्या दिवसांत शिबिर ठेवलंत तर मजुरी बुडवून बाई येणार नाही, आणि तिनं येऊही नये. बाजाराचा वारही टाळा.

वेळ दहा ते चार. पावणेपाच नाही, चार. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेनं अंधारात बायकांना चालत पाठवायचं नसतं, बिबट्याचं हे गाव आहे. ज्या शिबिराची शेवटची एसटी चुकते त्या शिबिराचं नाव घरोघरी निघतं आणि पुढच्या वेळी नवरे सोडत नाहीत.

जागा स्वतः जाऊन बघा. समाजमंदिर असेल तर उत्तम, शाळेची खोलीही चालते. पण संडासाला कडी आहे का आणि बादलीत पाणी आहे का हे फोनवर विचारू नका, कारण फोनवर सगळ्यांकडे असतं. खुर्च्या बाजूला काढून सतरंज्या घाला, गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार-पाच खुर्च्या ठेवा. त्या खुर्च्या पुढे नकोत, गोलातच हव्यात.

लेकरं येणार हे धरून चाला. गावातली एखादी मुलगी तीनशे रुपये रोजानं शेजारच्या खोलीत लेकरांजवळ बसवा. जेवण गटाकडूनच घ्या, मात्र ज्या गटाच्या बायका शिबिराला आहेत त्यांना ते काम देऊ नका. दिलंत तर 'जरा भाजी बघून येते' म्हणत त्या दिवसभर आत-बाहेर करतील. प्रवासखर्च त्याच दिवशी, हातात, सही घेऊन. 'खात्यावर जमा होईल' हे वाक्य उच्चारू नका.

पाहुण्यांचं काय करायचं

पाहुणे येणारच. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, सावित्रीबाईंच्या फोटोला हार, प्रास्ताविक, मनोगत, मग मुख्य मनोगत आणि शेवटी आभार. यात पावणेबारा वाजतात. मी वर्षानुवर्षं यावर चिडत होते. आता एक युक्ती सापडली आहे. पाहुण्यांना सकाळी न बोलावता साडेतीनला बोलवायचं, बायकांचं म्हणणं ऐकायला. सकाळीच यायचा हट्ट असेल तर हार झाल्या झाल्या त्यांच्या हातात निरीक्षकाचा कागद आणि पेन द्यायचं: 'साहेब, दोरीच्या खेळात कोण किती वेळा बोललं याची नोंद तुम्ही ठेवा.' काही जण पाच मिनिटांत दुसऱ्या कार्यक्रमाला निघून जातात. एक विस्तार अधिकारी मात्र दिवसभर बसले आणि त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या निघाल्या.

ओळख आणि चिंचोके

ओळख जोडीनं करून घ्या. 'नाव, गाव, शिक्षण' विचारू नका. पदवीधर मुलीनंतर चौथी शिकलेल्या काकूंची पाळी आली की त्या दिवसभरासाठी मिटतात. मी एकच विचारते: आज घरातून निघताना कुणाला काय सांगून आलात? जोडीदारणीनं दुसरीचं उत्तर सगळ्यांना सांगायचं. "सासूबाईंना सांगितलं की बँकेत सही आहे." "कुणाला काहीच नाही सांगितलं, भाकरी झाकून आले." "नवरा म्हणला, जा पण येताना खत आण." हसता हसता घराघरातली सत्ता कुणाकडे आहे ते गोलात येऊन बसतं, आणि मला एकही स्लाइड लागत नाही.

याच वेळी प्रत्येकीला पाच चिंचोके द्या. मधोमध पितळी वाटी. मोठ्या गोलात बोललं की एक चिंचोका वाटीत टाकायचा. पाच संपले की जेवणापर्यंत फक्त ऐकायचं. लहान चमूत कितीही बोला, तिथे मोजणी नाही.

पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते बघण्यासारखं असतं. एका शिबिरात प्रभागसंघाच्या, म्हणजे अनेक गावांतल्या गटांच्या संघाच्या, अध्यक्षबाईंनी दहा मिनिटांत पाचही संपवले आणि मग तोंडावर पदर धरून बसल्या. राहवेना तेव्हा शेजारणीकडे उसना मागितला. शेजारीण म्हणाली, "देते की. शेकडा दोननं." सगळ्या लोळायच्या बाकी होत्या. उसना देऊ द्यायचा का, हा नियम मी मुद्दाम ठरवलेला नाही. त्यावर भांडण झालं तर उत्तमच, ते त्यांनीच मिटवू दे. ज्यांच्याकडे अकराच्या सुमारास पाचही शिल्लक आहेत त्यांच्याकडे बघून "बोला ना" म्हणू नका. थांबा. त्या स्वतःच मुठीतले चिंचोके मोजायला लागतात.

दोरी

या खेळाला मी सगळ्यांत जास्त वेळ देते. दहा-दहा जणींचे दोन चमू, उरलेल्या निरीक्षक. दोरीची दोन टोकं गाठ मारून मोठं कडं करायचं. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, तीही त्यांच्याच रुमालाची किंवा ओढणीची. दुसऱ्याच्या वासाचं फडकं डोळ्यांवर नको वाटतं. मग दोरी हातात द्यायची आणि सांगायचं: बारा मिनिटांत या दोरीचा चौकोन करा, चारही बाजू सारख्या. दोरी हातातून सोडायची नाही. झाला असं वाटलं की खाली ठेवा आणि पट्ट्या काढा.

जमीन सपाट हवी. पायरी, चूल, विहिरीचा कठडा जवळपास नको. आणि जिला पट्टी बांधायची नाही तिला हसतमुखानं निरीक्षक करा. माझ्या एका शिबिरात पट्टी बांधल्याबरोबर एक तरुण मुलगी थरथर कापायला लागली. मी घाईत 'काय झालं?' असं सगळ्यांसमोर विचारलं. विचारायला नको होतं. नंतर मागे नेऊन पाणी दिलं, तेव्हाही तिनं कारण सांगितलं नाही आणि ते मला कळायची गरजही नव्हती. तेव्हापासून पट्टी घ्यायची की नाही हे मी आधीच ज्याचं त्याच्यावर सोडते.

निरीक्षकांना चारच गोष्टी लिहायला सांगा. पहिलं कोण बोललं? कुणाचं ऐकलं गेलं? कोण बरोबर सांगत होतं पण वाया गेलं? कोण गप्प उभं होतं? ज्यांना लिहिता येत नाही त्यांना एक-एक बाई वाटून द्या, 'या तीन काकूंवर डोळा ठेवा' म्हणून. त्यांच्या लक्षात कागदापेक्षा जास्त राहतं.

बारा मिनिटं प्रचंड आरडाओरडा होतो. एकाच वेळी चौघी "माझं ऐका" म्हणतात. बहुतेक वेळा चौकोनाऐवजी बटाटा तयार होतो. तुम्ही हसू नका आणि मदत तर अजिबात करू नका. मला पहिली दोन वर्षं तोंड बंद ठेवणं जमायचंच नाही, "गाठ शोधा, गाठ" असं मी ओरडायचे.

ओतूरकडच्या त्या शिबिरात घडलेलं सांगते, कारण तेव्हापासून हा खेळ मला नीट कळला. एका चमूत शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. तिसऱ्याच मिनिटाला त्या म्हणाल्या, "फ्रॉकच्या घेराचे चार भाग करतो ना, तसं करू." म्हणजे कडं दुहेरी धरायचं, दोन घड्या आल्या ते दोन कोपरे, त्या दोन्हींच्या मधोमध उरलेले दोन. उत्तर हेच. कुणी ऐकलं नाही. त्यांनी परत सांगितलं, आवाज अजून खाली गेला. नवव्या मिनिटाला त्यांच्याच गटाच्या अध्यक्ष मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, दोरी दुमडा, घडी घाला!" सगळ्यांनी घडी घातली. चौकोन असा झाला की फरशीच्या रेघांना लावून बघितला. टाळ्या पडल्या, त्या अध्यक्षबाईंना.

पट्ट्या काढून सगळ्या बसल्या की खरं काम सुरू होतं. बारा मिनिटांच्या खेळावर मी पंचवीस-तीस मिनिटं बोलणं ठेवते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त झालेलं सांगायला लावा: काय झालं, मग काय झालं. नंतर कसं वाटलं: डोळे बांधलेले असताना कुणाचा आवाज आधाराचा वाटला, कधी चीड आली? आणि मग तो प्रश्न: बरोबर सांगणारं कुणी होतं का, जिचं आपण ऐकलं नाही? इथे तुम्ही गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. शांतता नव्या प्रशिक्षकाला सोसत नाही, ती लगेच स्वतः उत्तर देते आणि सगळं मातीत जातं.

त्या दिवशी उत्तर एका निरीक्षक आजींनी दिलं. "ही शिवणवाली आधीच बोलली व्हती. दोनदा." अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "मला खरंच ऐकू नाही आलं गं. का कुणास ठाऊक, ते माझ्याच डोक्यात आलं असं वाटलं." मी काही बोलले नाही. शेवटचा प्रश्न तेवढा विचारला: आपल्या बैठकीत असं कधी होतं? पाचेक मिनिटांनी शिवणवाल्या ताईंनी वाटीत चिंचोका टाकला, त्यांचा पहिलाच. "मागल्या दिवाळीला ज्यांना चाळीस हजार दिले त्यांचं म्या म्हणले होते, आधीचं फिटू द्या." ते चाळीस हजार अजून अडकलेले होते, हे गोलातल्या अर्ध्या बायकांना माहीत होतं.

या ठिकाणी कुणाचं नाव घेऊन भांडण पेटू शकतं. तसं झालं तर 'व्यक्तीचं नको, बैठकीचं बोलू' एवढं म्हणा आणि चहा सांगा. चहा साडेअकराचाच असतो असं नाही, लागेल तेव्हा तो यायला हवा.

बैठकीचं नाटक

जेवणाआधीचा तास याला. गटात शिल्लक ४२,००० रुपये. मागण्या तीन: मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी २५,०००, दोन शेळ्यांसाठी २०,०००, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी १५,०००. बेरीज ६०,०००. पंधरा मिनिटांत निर्णय घ्या आणि प्रोसिडिंग वहीत, म्हणजे बैठकीचे ठराव लिहायच्या वहीत, लिहा. दहा जणी मध्ये बसतात, बाकीच्या भोवती.

प्रत्येकीला गुपचूप एक चिठ्ठी. एक कोषाध्यक्षांची जाऊ. एकीचे आधीचे दोन हप्ते थकलेले, पण ती ते आपणहून सांगणार नाही. एक दर तीन मिनिटांनी विषय बदलते, हळदीकुंकवाचा काढते. एक असं धरते की अध्यक्ष म्हणेल ते बरोबरच. आणि एक दोनदा नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलतच नाही, मात्र थकलेल्या हप्त्यांची माहिती फक्त तिच्याकडे आहे. ही शेवटची चिठ्ठी नेहमी सगळ्यांत जास्त बडबड करणाऱ्या बाईला द्या. दाबून बसताना तिचे होणारे हाल पाहून तुम्हाला दया येईल, येऊ द्या.

चिठ्ठ्यांवर शब्द कमी ठेवा आणि वाचता न येणाऱ्यांना बाजूला नेऊन कानात सांगा. गावातल्या खऱ्या प्रकरणाशी जुळणारी रक्कम किंवा आजार टाळा. मी एकदा ऑपरेशनच्या जागी डायलिसिस लिहिलं होतं आणि गोलातल्या एकीच्या घरी तेच चालू होतं.

पंधरा मिनिटं झाली की वही मोठ्यानं वाचायला लावा. शंभरातल्या नव्वद वेळा पहिलं वाक्य असतं, 'सर्वानुमते ठरले की'. मग एकेकीला विचारा, या 'सर्वां'त तुम्ही होतात का? कुणी म्हणतं मी ऐकलंच नाही, कुणी म्हणतं मला शेळ्यांना द्यायचे होते, पण बोलले नाही. यावर मी त्यांना ठरावाची नोंद नव्यानं लिहायला सांगते: कुणी काय मागितलं, कुणी काय हरकत घेतली, किती जणी बाजूच्या, किती विरोधात. हीच वही दिवसाच्या शेवटी घरी न्यायची असते. बाकी सगळं विसरलं तरी वहीतला हा बदल टिकतो असा माझा अनुभव आहे.

जेवण झाल्यावर

पुरणपोळी ठेवू नका. भाकरी, पिठलं, ठेचा, भात आमटी, ताक.

दुपारी दोनला कुठलंही भाषण मरतं. नव्या प्रशिक्षकांना इथे 'ट्रस्ट फॉल' शिकवलेला असतो, म्हणजे मागे डोळे मिटून पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. पन्नाशीच्या काकूंना नऊवारीत मागे पाडायला सांगणारी मुलगी मी डोळ्यांनी बघितली आहे. अहो, आपल्याकडे फुगडी आहे! हात तिढ्यात धरायचे, पावलं जवळ आणि अंग मागे रेलायचं. एकीनं जरी अंग चोरलं तरी फुगडी फिरत नाही आणि एकीनं हात सोडला तर दोघीही पडतात. विश्वासाचा धडा यापेक्षा वेगळा काय देणार? गरोदर बायका, पाठीची-गुडघ्याची दुखणी असलेल्या यांनी गाणी म्हणायची. जोडी मात्र तुम्ही लावा: अध्यक्ष आणि तिच्या गटातली पद नसलेली. सुरुवातीला पद नसलेल्या बायका रेलतच नाहीत, हे बघायला मिळतं. त्यावर बोलायचं तर बोला, नाहीतर सोडून द्या. प्रत्येक गोष्टीतून अर्थ पिळून काढायला लागलं की बायका खेळायच्या थांबतात.

उघड हात आणि झाकलेले डबे

तिसरा खेळ. ग्रामसंघानं, म्हणजे गावातल्या गटांच्या संघानं, यंदा गावातला कुठला एक प्रश्न धरावा? पाच कागदांवर पाच चित्रं काढा: हंडा, एसटी, दवाखाना, रस्ता, बाटली. चित्रं तुम्ही न काढता त्यांना काढू द्या, हशा होतो. आधी हात वर करून मत घ्या आणि आकडे फळ्यावर लिहा. मग पाच डबे चित्रांसकट पडद्यामागे ठेवा. साडी टांगली की पडदा झाला. सकाळचे चिंचोके परत गोळा करून प्रत्येकीला नव्यानं तीन द्या. एकेकीनं आत जाऊन हवे त्या डब्यात टाकायचे, तिन्ही एकातही चालतील.

हात वर करताना रस्ता किंवा पाणी पहिलं येतं. डब्यात बहुतेक वेळा बाटली वर जाते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, पाच मिनिटांत काय बदललं? कुणीतरी सांगतंच की इथे सरपंचांच्या घरची बाई बसली आहे, किंवा दुकान कुणाच्या दिराचं आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान महाराष्ट्रात आडवी बाटली-उभी बाटली या चिन्हांवर होतं, तेही गुप्त. ते गुप्त का, हे मग कायदा न वाचता समजतं. आणि गटात कधी कधी चिठ्ठी टाकून निर्णय घ्यायला काय हरकत आहे, ही कल्पना त्यांच्यातूनच निघते. निघाली नाही तर निघाली नाही, पुढच्या भेटीत निघेल.

एक जपा. डब्यात बाटली जिंकली म्हणून 'चला, आता मोर्चा काढू' असा जोर तुम्ही आणू नका. संध्याकाळी तुम्ही एसटीनं परत जाता, त्या तिथेच राहतात.

चौथा खेळ घेऊ नका. वेळ उरला तरी. मी वर्तमानपत्रांचा मनोरा, कानगोष्टी, सुतळीचं जाळं सगळं करून बघितलं आहे. मजा येते, पण चार खेळांत एकावरही धड बोलणं होत नाही आणि बायका म्हणतात, "आज लई खेळवलं ताईंनी."

साडेतीन ते चार

प्रत्येकीनं पुढच्या बैठकीत करायची एकच गोष्ट सांगायची. 'मी आत्मविश्वासानं बोलेन' चालणार नाही, असं काही आलं की प्रेमानं परत पाठवा. 'कर्जाची मागणी वाचून झाली की मी आधी शेवटी बसलेल्या दोघींना विचारीन' हे चालेल. 'बैठक अध्यक्षांच्या ओट्यावर न घेता पाळीपाळीनं प्रत्येकीच्या दारी घेऊ' हेही चालेल, आणि ही सूचना करणाऱ्या बाईला मी मनात शंभर चिंचोके दिले होते. दोन चिठ्ठ्या करा. एक तिच्या वहीत, एक तुमच्या पिशवीत.

अभिप्रायाचे छापील कागद वाटू नका. सगळ्या 'खूप छान कार्यक्रम, जेवण उत्तम' लिहितात. त्याऐवजी सकाळच्या वाटीचा हिशेब बघा. जेवणाआधी किती जणींच्या मुठीत पाचही चिंचोके राहिले, हा आकडा मी प्रत्येक शिबिराच्या तारखेसमोर लिहून ठेवते. सुरुवातीला तो दहा-बारा असायचा. आता तीन-चारवर येतो, कधी परत सातवर जातो. सातवर गेला त्या दिवशी बहुधा मीच जास्त बोललेली असते.

महिन्याभरानं त्यांच्या बैठकीला जा. खिशात ती चिठ्ठी ठेवा, पण दाखवू नका. मागे बसा आणि निघताना प्रोसिडिंग वहीचं शेवटचं पान मागा. शिवणवाल्या ताईंच्या गटाच्या वहीत मला सापडलं होतं: 'कर्ज मागणी मंजूर. बाजूने ७, विरोधात ३. विरोधाचे कारण: आधीची परतफेड बाकी.' खाली दहाच्या दहा सह्या, एक अंगठा धरून. कर्ज दिलंच होतं त्यांनी, आणि ते कितपत शहाणपणाचं होतं याबद्दल मला आजही शंका आहे.

जायच्या आधी फोन करून कळवू मात्र नका. कळवलंत की तुमच्यासाठी पोहे होतात, शेजारून खुर्ची येते आणि बैठक राहते बाजूला.